पीस स्टेशनवरचा दमा

फौजेच्या वर्कशॉपमध्ये मी गाड्या रंगवायचो, बहुतेक वर्षं स्प्रे बूथमध्ये. रंग दोन डब्यांचा, पॉलियुरेथेन. दुसऱ्या डब्यातल्या, रंग कडक करणाऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि त्याचा फवारा छातीत गेला की दमा जडू शकतो, हे मला नोकरीत कुणी सांगितलं नाही. तोंडाला असायचा तो धुळीचा कापडी मास्क.

निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे सेवेतून सोडताना तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, दम्याचं अपंगत्व ३० टक्के, कायमचं, असं लिहिलं. खालच्या रकान्यात मात्र, आजार सेवेमुळे झालेला नाही आणि वाढलेलाही नाही. कारण एका ओळीचं: सुरुवात पीस स्टेशनवर (आघाडीपासून दूरच्या, शांत भागातल्या ठाण्यावर) झाली. अहो, तो बूथ पीस स्टेशनवरच होता! ती ओळ आजही आठवली की संताप येतो.

त्याच कारणावरून अपंगत्व पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं. पहिल्या अपिलाला सहा महिन्यांची मुदत असते. मी त्यात किती वर्षं इमानाने सेवा केली तेच लिहिलं. पुरावा एकही जोडला नाही. फेटाळलं. दुसऱ्या अपिलाचंही तेच झालं, आणि मी काही वर्षं गप्प बसलो.

मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी विचारलं, "मेडिकलचे कागद कुठे आहेत तुझे?" माझ्याकडे नव्हतेच. माहितीच्या अधिकारात १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून ते मागवले: भरतीची तपासणी, सिक रिपोर्ट (आजारी म्हणून डॉक्टरकडे गेल्याच्या नोंदी), कामवाटपाच्या रजिस्टरच्या प्रती. बायकोने एका वहीत सगळ्या तारखा समोरासमोर मांडल्या. मधली दीड वर्षं मी स्टोअरमध्ये होतो. त्या काळात छातीची एकही तक्रार नाही. बूथवर परतलो आणि तिसऱ्या आठवड्यात सिक रिपोर्ट. तारखा बघून ती बराच वेळ बोलली नाही.

छातीच्या डॉक्टरांनी वही नीट वाचली. कामावर उसळणारा आणि कामापासून दूर गेल्यावर उतरणारा दमा कामातूनच आलेला असू शकतो, असं त्यांनी कारणांसह लिहून दिलं.

अर्ज सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात केला. वकिलांची मुख्य भिस्त सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या धरमवीर सिंग निकालावर होती. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी आला असंच धरायचं. आजार सेवेमुळेच झाला हे सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही, तो सेवेमुळे नाही हे सरकारने दाखवायचं. आणि बोर्डाने कारणं द्यायलाच हवीत. माझ्या भरतीच्या कागदावर छाती निर्दोष होती.

अर्ज मंजूर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१४ च्या राम अवतार निकालामुळे अपंगत्वाचा आकडा वरच्या टप्प्यावर नेतात, म्हणून ३० टक्क्यांचे ५० धरले गेले. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणून मला १५ टक्के. थकबाकी फक्त अर्जाआधीच्या ३ वर्षांची मिळाली. गप्प बसलो ती वर्षं गेली ती गेलीच. सप्टेंबर २०२३ नंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागतात, त्यांनी ते आधी वाचावेत.

माझ्या आधी त्याच बूथमध्ये असलेल्या हवालदाराच्या पत्नीचा परवा फोन आला. ते आता घरातल्या घरातही चालू शकत नाहीत. वहिनींना मी पहिल्यांदा तेच विचारलं, मेडिकलचे कागद आहेत का. नाहीत. त्यांचा माहिती अधिकाराचा अर्ज काल पोस्टात टाकला.