तुम्ही विचारलंत म्हणून: किंग आणि क्लॅप्टन, सरस कोण?

मी पाश्चात्त्य संगीतही ऐकतो हे ठाऊक असलेल्या मंडळींकडून, त्यातही आपल्या शास्त्रीय मैफलींना नेमाने जाणाऱ्यांकडून, एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. बी. बी. किंग आणि एरिक क्लॅप्टन या दोन बुजुर्ग गिटारवादकांनी 2000 साली ‘रायडिंग विथ द किंग’ हा अल्बम मिळून केला, त्यात सरस कोण ठरले? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जुगलबंदी असते. एकाने तान टाकावी, दुसऱ्याने ती उचलून वाढवावी, लय चढत जावी आणि शेवटी कोण कोणाला भारी पडले यावर मध्यंतरात चहा पिता पिता वाद घालावा, अशी ती अपेक्षा असते.

एका शब्दात उत्तर हवे असेल तर ते ‘किंग’ असे आहे. मात्र हा निकाल सामन्यातून लागलेला नाही. क्लॅप्टन यांनी तो पहिला सूर लागण्यापूर्वीच देऊन टाकला होता आणि अल्बमच्या मुखपृष्ठावर छापूनही टाकला होता. त्या छायाचित्रात उघड्या छपराची कॅडिलॅक गाडी आहे, चालकाच्या जागेवर क्लॅप्टन आहेत आणि मागच्या आसनावर किंग ऐसपैस बसले आहेत. तारुण्यात मिसिसिपीतल्या इंडियानोला येथे कापसाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला चालक मिळावा आणि तोही एरिक क्लॅप्टन असावा, यातली गंमत किंग यांना नक्कीच कळली असणार. शीर्षकगीत मुळात अमेरिकी गायक-गीतकार जॉन हायट यांचे, 1983 सालचे. हायट यांच्या ओळीतला दहा वर्षांचा मुलगा आरशातून बाहेर पडतो. या अल्बममध्ये तो मिसिसिपीतून बाहेर पडतो. एवढ्या एका बदलाने ते गाणे किंग यांचे चरित्र होऊन बसते.

अल्बम प्रसिद्ध झाला तेव्हा किंग 74 वर्षांचे होते आणि क्लॅप्टन 55 वर्षांचे. दोघांची पहिली भेट 1967 साली न्यूयॉर्कच्या ‘कॅफे ऑ गो गो’ या क्लबात झाली होती. क्लॅप्टन तेव्हा ‘क्रीम’ या त्रिकुटात होते आणि लंडनच्या भिंतींवर त्यांना देव म्हणणारी वाक्ये रंगवली जात होती. किंग यांच्या पाठीशी त्या वेळी वीसेक वर्षांची अखंड भटकंती होती. एकट्या 1956 साली त्यांनी 342 कार्यक्रम केले होते. तरीही त्यांचा श्रोतृवर्ग जवळजवळ पूर्णपणे कृष्णवर्णीय होता. गोऱ्या अमेरिकी तरुणांना किंग यांचे नाव कळले त्यात क्लॅप्टन यांच्यासारख्या ब्रिटिश वादकांचा वाटा मोठा होता, आणि किंग यांनी तो मोकळेपणाने मान्यही केला. गुरूचे संगीत शिष्याने उचलले आणि त्या शिष्यामुळे गुरूला त्याच्याच देशात नवा श्रोता मिळाला, असा हा काहीसा अवघडलेला ऋणानुबंध आहे. तो अवघडलेला आहे असे म्हणण्याचे आणखी एक कारण आहे. 1976 साली बर्मिंगहॅमच्या मंचावरून क्लॅप्टन यांनी स्थलांतरितांविरुद्ध उघड वंशवादी बडबड केली होती. पुढे त्यांनी त्याबद्दल स्वतःची लाज वाटत असल्याचे सांगितले, पण कृष्णवर्णीयांच्या संगीतावर उभ्या राहिलेल्या कलावंताच्या तोंडची ती भाषा होती, हे विसरून या अल्बमकडे पाहणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता वादनाकडे वळू. ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या गीतप्रकाराची, रचना समजली की सवाल-जवाब नेमका कुठे चालतो हे ऐकू येऊ लागते. प्रचलित ब्लूज बारा मापांच्या आवर्तनात बसतो. प्रत्येक माप चार मात्रांचे, म्हणजे आवर्तन 48 मात्रांचे. त्यात गाण्याच्या तीन ओळी येतात. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. मात्र प्रत्येक ओळ तिच्या वाट्याच्या चार मापांपैकी साधारण दोनच व्यापते आणि उरलेली दोन मोकळी राहतात. त्या मोकळ्या जागेत गिटार बोलते. म्हणजे पहिला संवाद गळा आणि गिटार यांच्यात असतो, आणि तो एकच माणूस स्वतःशी करू शकतो. किंग आयुष्यभर नेमके हेच करत आले. गाताना ते वाजवत नसत आणि वाजवताना गात नसत. आपल्याला कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी छेडायचे स्वरसमूह, धड वाजवता येत नाहीत, असेही ते खुशाल सांगत. शब्द थांबला की त्याच श्वासाच्या लांबीचा एक गिटारचा तुकडा येई आणि पुन्हा शब्द सुरू होई. आपल्याकडे ज्याला गायकी अंग म्हणतात, त्याच्या इतके जवळचे वादन ब्लूजमध्ये मी दुसरे ऐकलेले नाही.

हे अंग त्यांच्याकडे कसे आले, तेही ऐकण्यासारखे आहे. त्यांचे नातलग बुका व्हाइट हे तारेवर धातूची नळी सरकवून वाजवत. किंग यांना ती नळी काही जमेना, म्हणून ते बोटाने तार पडद्यावर आडवी ओढून स्वर वर चढवू लागले आणि चढलेल्या स्वरावर हात थरथरवू लागले. तार ओढण्याची क्रिया सतारीच्या मींडेला जवळची आहे. थरथर मात्र पूर्णपणे त्यांची स्वतःची. त्यांच्या हाताकडे नीट पाहिले तर तर्जनी तारेवर रोवलेली दिसते, अंगठा गिटारच्या मानेवरून सुटलेला असतो आणि उरलेली बोटे पाकोळीच्या पंखांसारखी फडफडत असतात. ‘लुसिल’ हे नाव दिलेल्या त्यांच्या गिब्सन गिटारचा गोल, भरीव आवाज आणि क्लॅप्टन यांच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा काहीसा पातळ, धारदार आवाज हा फरक पहिल्या दोन गाण्यांत कानात मुरतो. मग कोण वाजवत आहे हे सांगायला कोणाची गरज लागत नाही.

या दृष्टीने ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ हे गाणे सर्वांत मोलाचे आहे. मुळात लोवेल फुलसन यांचे असलेले हे गाणे किंग यांनी 1951 साली मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित केले आणि 1952 साली ते कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. त्यांच्या नावाचा बोलबाला सुरू झाला तो इथून. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. 2000 सालच्या आवृत्तीला साडेआठ मिनिटे मिळाली आहेत आणि ती लांबी कुठेही ताणलेली वाटत नाही. क्लॅप्टन यांची गिटार इथे किंग यांच्याहून अधिक स्वर वाजवते, अधिक चपळ आहे, वाक्ये लांब घेते. किंग त्यानंतर येऊन मोजके स्वर टाकतात आणि सगळा हिशेब चुकता होतो. कोणी हरले असे वाटत नाही. एकाचे बोलणे संपले आणि दुसऱ्याने त्यातला मुद्दा सांगितला, एवढेच.

माझी तक्रार आहे ती वेगळीच. क्लॅप्टन इथे सहनिर्माते आहेत आणि यजमानही. पाहुण्याला काही कमी पडू नये म्हणून यजमानाने इतकी बडदास्त ठेवली आहे की ब्लूजमधला खरखरीतपणा अनेक ठिकाणी इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला आहे. ड्रमवर स्टीव्ह गॅड, बासवर नेथन ईस्ट, पियानोवर जो सँपल, साथीच्या गिटारवर अँडी फेअरवेदर लो आणि तरुण डॉइल ब्रॅमहॉल (दुसरे). या साथीत खोट काढायला जागा नाही आणि कधीकधी तीच तिची खोट ठरते. ब्रॅमहॉल यांच्या सहलेखनातून आलेली ‘मॅरी यू’ आणि ‘आय वाना बी’ ही दोन तुलनेने नवी गाणी ठेक्यावर चालतात, पण त्यांत किंग यांना करण्यासारखे फारसे काही नाही. ‘होल्ड ऑन, आय’म कमिन’’ मी बहुतेक वेळा पुढे सरकवतो. याउलट जिथे किंग यांची 1950 च्या दशकातली जुनी गाणी येतात, म्हणजे ‘टेन लाँग इयर्स’ किंवा ‘व्हेन माय हार्ट बीट्स लाइक अ हॅमर’, तिथे क्लॅप्टन यांची अदब जरा सैल होते आणि ते चावा घेणारे वाजवतात. सगळा अल्बम असा असता तर वर दिलेले एका शब्दाचे उत्तर मला इतक्या सहज देता आले नसते.

‘की टू द हायवे’ आणि ‘वरीड लाइफ ब्लूज’ ही दोन गाणी साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारवर आहेत. विजेच्या गिटारवर किंग यांचा एक स्वर पाहिजे तेवढा टिकतो. साध्या गिटारवर तो लगेच विरतो, म्हणजे त्यांचे मुख्य हत्यारच काढून घेतलेले आहे. शिवाय ‘की टू द हायवे’ बाराऐवजी आठ मापांचा, त्यामुळे मोकळी जागाही कमी. हे गाणे क्लॅप्टन यांच्या घरचे म्हणावे असे. 1970 साली ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या बँडमध्ये असताना गिटारवादक डुएन ऑलमन यांच्यासोबत त्यांनी ते वाजवायला घेतले, तेव्हा ध्वनिमुद्रण इतके उशिरा सुरू झाले की त्या तबकडीवर ते मधूनच ऐकू येऊ लागते. इथे मात्र दोघे वयस्क माणसे ओसरीवर बसावीत तसे निवांत गातात, आणि हातातले हत्यार गेलेले किंग केवळ गळ्यावर बाजी राखतात.

अल्बम अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या संगीत-नियतकालिकाच्या अल्बमांच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, तिथे त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि 2001 साली त्याला पारंपरिक ब्लूजचे ग्रॅमी मिळाले. ब्लूजच्या अल्बमला इतका खप क्वचितच लाभतो, आणि तो क्लॅप्टन यांच्या नावामुळे लाभला हेही खरे. किंग 2015 साली गेले. 2020 साली निघालेल्या नव्या आवृत्तीत आधी वगळलेली दोन गाणी जोडली आहेत, पण नव्याने ऐकणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

सुरुवात कुठून करावी, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. शिकागोत 1964 साली ध्वनिमुद्रित झालेला किंग यांचा ‘लाइव्ह अॅट द रीगल’ ऐकावा. त्यात श्रोत्यांच्या आरोळ्यांना त्यांची गिटार कशी उत्तर देते ते कळते. मग ब्रिटिश ब्लूज गायक जॉन मेयॉल आणि त्यांच्या साथीदारांबरोबरचा क्लॅप्टन यांचा 1966 सालचा अल्बम घ्यावा. एकविशीतला तो मुलगा कोणाचीही भीडभाड न ठेवता वाजवतो. त्यानंतर 2000 सालच्या अल्बममधले ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ लावावे. आणि तरीही तुमचे मत क्लॅप्टन यांच्या बाजूने पडले तर मला अवश्य कळवावे, कारण त्या बाजूने नेटका युक्तिवाद मला अजून कोणी ऐकवलेला नाही.