हिलरींच्या वाटेवर, बसने

आमच्या कंपनीच्या जाहिरातीत जेट बोटीचा फोटो होता आणि वर छापलं होतं, 'हिलरींच्या मार्गाने बद्रीनाथ'. हिलरी म्हणजे एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी, जे जेट बोटींनी गंगेच्या प्रवाहाविरुद्ध वर गेले होते. फोटो छापणारे ऑफिसात बसतात, त्याचा जाब टूर मॅनेजरला द्यावा लागतो. यंदा ऑक्टोबरच्या ग्रुपमध्ये जाब विचारणारे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले निघाले.

ऋषिकेशला पहिला सवाल आला, "बोट कुठाय?"

राफ्ट होती. तरुण मंडळींना ब्रह्मपुरीहून खाली सोपा टप्पा करवला, काका काठावरच थांबले. म्हणाले, "हिलरी आले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि प्रवाहाच्या उलट गेले. तुम्ही आम्हाला प्रवाहाबरोबर सोडताय."

खरंच होतं. १९७७ साली हिलरी गंगासागरहून, म्हणजे गंगा समुद्राला मिळते तिथून निघाले, 'गंगा', 'किवी' आणि 'एअर इंडिया' अशा तीन बोटी घेऊन. जेट बोटीला खाली पंखा नसतो. ती तळातून पाणी ओढते आणि मागे जोरात फेकते, म्हणून उथळ पाण्यातही चालते. पण खडकांवरून जायचं तर नदी भरलेली हवी, त्यामुळे मोहीम ऑगस्टमध्ये निघाली. आणि आम्ही लोकांना न्यायचं ते नेमकं पावसाळा टाळून! ऐन पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं, वर सिरोबगडसारख्या ठिकाणी दरड आली की बस तासन्‌तास अडकते. हिलरींचा हंगाम आणि पर्यटकाचा हंगाम कधी जुळतच नाही. हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगत नाही.

देवप्रयागला सगळ्यांनी फोटो काढले. काकांनी गाडी थांबवायला लावली ती गढवालमधल्या श्रीनगरला, धरणापाशी. वेळापत्रकात तिथे काही नाही. अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा असतो, ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता, पण मी थांबू दिलं.

काका काठावरून पात्र न्याहाळत राहिले. धरणाखाली दगडगोटे उघडे पडलेले, मधून पाण्याची बारीकशी धार. गाडीत येऊन त्यांनी माझा माईक मागितला. "पाणी कालव्याने वीजघराकडे नेलंय. तीनशे तीस मेगावॅटचं आहे. बॅराज, म्हणजे दारांचा बंधारा, आडवा आला तर बोट ट्रकवर घालून पलीकडे नेता येते. इथे पात्रात पाणीच नाही, बोट घालायची कशात? हिलरी वर नंदप्रयागच्या धबधब्यापाशी अडले. आज निघाले असते तर इथेच अडले असते."

मागून एकानं विचारलं, "चहा कुठे घ्यायचा?"

मला राग आला, पण तोंडावर आणला नाही. पुढे धारी देवीचं मंदिर दिसलं, जलाशयात खांबांवर उचललेलं. त्यालाही गाडीतून हात जोडून झाले.

नंदप्रयागला काका आणि मी संगमावर उतरलो. नंदाकिनी येऊन अलकनंदेला मिळते, तिथून पाणी अरुंद होत जातं. हिलरींच्या बोटींचा प्रवास इथेच संपला. पुढे ते चालत गेले. आणखी वर डोंगरात हिलरी उंचीमुळे आजारी पडले, त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं. काकूंनी वरून हाक मारली, "अहो, बीपीची गोळी राहिली!"

काका नाराज नव्हते. मला मात्र ती जाहिरात पचत नाही. मार्ग दाखवायचा तर तुकड्यातुकड्यानेच दाखवता येईल: थंडीत बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव बोटीतून डॉल्फिन, वाराणसीचे घाट, कौडियालाखाली राफ्ट, मग धरण आणि संगम, आणि मधली जी नदी आता बोटीने जाण्याजोगी राहिली नाही तीही, तसं सांगून. एवढं सगळं मी ऑफिसला मेलवर लिहिलं. उत्तर आलं की पुढच्या हंगामाची पत्रकं छापून झाली आहेत, फोटो तोच आहे, आणि श्रीनगरचा थांबा वेळापत्रकाबाहेर होता, त्याचं डिझेल कुणाच्या खात्यावर टाकायचं?