बुरशी लागलेल्या व्हीएचएसमधून सिनेमा काढताना

रामसे बंधूंचे भयपट मोंडो मकाब्रोसारख्या परदेशी कंपनीने डिस्कवर आणले. त्याच काळातल्या कित्येक फुटकळ भयपटांना असं कुणी मिळालं नाही. व्हिडिओ लायब्ररीची जुनी व्हीएचएस कॅसेट हाच त्यांचा आधार. म्हणून अशी कॅसेट हाती आली की मी घाई करत नाही.

कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी पूड, म्हणजे बुरशी, दिसली, तर ती कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घालत नाही. बुरशीने फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात, मशीनच्या ओढीने कड फाटते, आणि हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसलेली बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवतो. ओली बुरशी पुसली की फासली जाते, वाळलेली झडते.

मग तळाचे पाच स्क्रू. पाठीवरचं लेबल दोन्ही भागांवर चिकटलेलं असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून सोडवतो. लायब्ररीचा जांभळा शिक्का, पेनाने घातलेला नंबर फाटता कामा नये, संग्राहकाचा निम्मा जीव त्यातच असतो. स्क्रू निघाले की दोन्ही भाग घट्ट धरून कॅसेट सुलटी करायची, मगच वरचा भाग उचलायचा. उलटीच उघडली तर रिळं निसटतात. फीत कुठल्या रोलरवरून जाते त्याचा फोटो काढून ठेवतो.

एन95 मास्क लावून, गॅलरीत, फीत हाताने गुंडाळत कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडातून तीनदा काढतो. ई-180, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे 258 मीटर फीत असते, त्यामुळे वेळ जातोच. आयसोप्रोपिल अल्कोहोल फक्त हेडसाठी: त्यात भिजवलेली मऊ चामड्याची पट्टी व्हीसीआरमधल्या, हेड बसवलेल्या गोल ड्रमला टेकवून ड्रम हाताने फिरवायचा. पट्टी वरखाली घासली की हेड तुटलंच.

साफ रिळं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवून मग संगणकावर रेकॉर्डिंग. चित्र काळंपांढरं होऊन घरंगळत असेल तर कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं यंत्र) एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर आहे; आपल्याकडची पाल पद्धत निवडायची, 720×576, सेकंदाला 25 फ्रेम. वरच्या कडेला चित्र वाकत असेल तर मध्ये पॅनासोनिकचा ईएस10 डीव्हीडी रेकॉर्डर जोडतो, तो ओळी सरळ करतो. हफवाययूव्ही या दर्जा न घटवणाऱ्या फॉरमॅटमध्ये तासाला 30-40 जीबी लागतात. डीइंटरलेस (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं सलग करणं) नंतर, मूळ फाइल तशीच ठेवून.

सिनेमा संपला तरी रेकॉर्डिंग थांबवत नाही. शेवटी व्हिडिओ कंपनीने आपल्या इतर कॅसेटच्या जाहिराती घातलेल्या असतात. पुढे काय शोधायचं ते तिथेच सापडतं.