तिकीट कधी काढलंत?

आमच्या घरात आणि मित्रमंडळीत रेल्वेची तिकिटं काढायचं काम माझ्याकडे असतं. वेळापत्रकं, भाड्यांचे तक्ते, तिकीट रद्द करायचे नियम मी आवडीने वाचते, त्यामुळे ते आपसूक माझ्याकडे आलं. इतकी वर्षं हे वाचून माझं एक मत पक्कं झालंय. तिकीट महाग असलं तर मी एक वेळ समजून घेईन. पण ते एवढं महाग का, हे पैसे मोजणाऱ्यालाच कळत नसेल, तर ते मला अजिबात पटत नाही.

महाग असण्याची कारणं खरीच आहेत. रूळ, पूल, बोगदे, सिग्नल, विजेच्या तारा हे सगळं गाडी रिकामी धावली तरी सांभाळावंच लागतं. विमानाला वाटेत रस्ता बांधावा लागत नाही. शिवाय १९४४च्या शिकागो करारापासून चालत आलेल्या व्यवस्थेमुळे आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर बहुतेक ठिकाणी करही नाही. भारतात तर काही वर्षं तिकिटावरच छापून यायचं, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वेला भाड्यातून मिळतात. बाकीची तूट मुख्यतः मालगाड्या भरून काढतात. तेव्हा प्रवाशाने किती द्यायचं आणि उरलेलं कुणी, हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि त्यावर उघड वाद घालता येतो.

पण एकाच गाडीत, एकाच वर्गात माणसागणिक बदलणाऱ्या विचित्र भाड्यांवर तसा वाद घालता येत नाही, कारण ती कशी ठरली हेच दिसत नाही.

ज्याला जास्त देणं परवडतं त्याच्याकडून जास्त काढायची ही चाल मात्र फार जुनी आहे. झ्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या बिनछपराच्या डब्यांबद्दल लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं, की छपराला काही फार खर्च येत नाही. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून कंपन्या ते डबे उघडे ठेवतात. गरिबाला छळायची त्यांची इच्छा नसते, पैसेवाल्याला घाबरवायचं असतं, आणि भिजतो मात्र गरीब. पाऊणे दोनशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजच्या भाड्यांचं कोडं मला उलगडलं. ब्रिटनमध्ये त्याच्या थोडं आधी, १८४४ मध्ये, कायदाच करावा लागला होता: रोज निदान एक गाडी अशी हवी, जिच्यात गरीब प्रवाशाला मैलाला एक पेनी दराने जाता येईल आणि डबा ऊनपावसापासून सुरक्षित असेल.

आता छप्पर सगळ्यांना मिळतं. आता घाबरवतात ते वेळेने. किती दिवस आधी तिकीट काढलंत, कोणत्या वाराला, सकाळी की दुपारी, परतीचं एकत्र काढलंत की वेगळं, यावर भाडं ठरतं. ही पद्धत मुख्यतः विमानकंपन्यांकडून आली. तिथे ती १९८०च्या दशकात रुजली, आणि फ्रान्सच्या रेल्वेने १९९३ मध्ये अमेरिकी विमानकंपनीच्या प्रणालीवर बेतलेली आरक्षणव्यवस्था सुरू केली. भारतात सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतोंना 'फ्लेक्सी फेअर' लागू झालं: दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी चढतं. वरची मर्यादा आधी दीडपट होती, २०१८ मध्ये ती १.४ पट केली. चढलेलं भाडं मला आवडत नाही, पण या नियमाचा एक गुण मान्य करावाच लागेल. तो दोन ओळींत सांगता येतो आणि त्याला वर टोपण आहे. जगात अनेक ठिकाणी एवढंही नसतं.

ब्रिटनचं उदाहरण तर मला कायम चक्रावून टाकतं. तिथे कित्येक मार्गांवर एका प्रवासाची दोन तिकिटं काढली तर ती एका तिकिटापेक्षा स्वस्त पडतात. गाडी तीच, सीट तीच, उतरायचंही नाही. फक्त जिथे तिकीट तोडलं त्या स्टेशनावर गाडी थांबायला हवी. लंडन ते ब्रिस्टलच्या वाटेवरचं डिडकॉट हे स्टेशन यासाठी प्रसिद्ध आहे. यात नियमबाह्य काहीच नाही. दोन-दोन स्टेशनांमधली भाडी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हिशेबांनी ठरत गेली, त्यामुळे तुकड्यांची बेरीज आणि अख्खं भाडं यांचा मेळ उरला नाही. तिथेच काही मार्गांवर परतीचं तिकीट एकेरीपेक्षा जेमतेम पौंडभर जास्त असायचं, म्हणजे फक्त जायचं असणारा माणूस जवळजवळ दोन्ही वेळचे पैसे भरत होता.

भारतात नेमकं उलटं आहे. इथे भाड्याची रचना अशी, की अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. म्हणजे प्रवास तोडला तर भुर्दंड तुमच्यावरच. पण इथली गोम वेगळी आहे, ती कोट्यात, म्हणजे स्टेशनांना वाटून दिलेल्या जागांत. मधल्या स्टेशनावरून प्रतीक्षायादी दिसते आणि त्याच गाडीत सुरुवातीच्या स्टेशनापासून जागा शिल्लक असते. मग जाणकार माणूस लांबचं तिकीट काढतो, बोर्डिंग पॉइंट बदलून घेतो, आणि न केलेल्या प्रवासाचे पैसे देऊन बर्थ मिळवतो. मी स्वतः लोकांना अशी तिकिटं काढून दिली आहेत. दर वेळी मनात येतं, की ज्याला हे सांगणारं कुणी नाही तो काय करत असेल?

माझा सगळा राग इथे आहे. ही भाडी माहितगाराला स्वस्त आणि अडलेल्याला महाग पडतात. सहलीला जाणारा दोन महिने आधी ठरवतो. आजारपण, मयत, अचानक आलेलं मुलाखतीचं बोलावणं यांना दोन महिने आधी कळवायची सोय नसते.

एका मैत्रिणीची आई रात्री दवाखान्यात भरती झाली तेव्हा तिच्यासाठी मी तिकीट शोधत होते. त्याच गाडीचं त्याच वर्गाचं तिकीट काही दिवसांपूर्वीच मी दुसऱ्या कुणासाठी काढलं होतं, त्यामुळे आकडा माझ्या डोक्यात होता. पडद्यावर त्याहून बराच जास्त दिसत होता. मी तिचं नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक भरला, जेवणाच्या रकान्यात 'नको' निवडलं, आणि पैसे भरायच्या पानावर गेले तर रक्कम आणखी वाढलेली. का वाढली याचा तिथे एक शब्द नव्हता. फोनवर ती म्हणत होती, "काढून टाक गं, कितीही असू दे." 'कितीही असू दे' म्हणायची वेळ आलेल्या माणसाकडूनच सर्वात जास्त घ्यायचं, हे ज्या गणितात बसतं ते गणित मला मान्य नाही.

या पद्धतीच्या बाजूने बोलणारे सांगतात, की आधी काढणाऱ्या विद्यार्थ्याला यामुळेच स्वस्त तिकीट मिळतं, आणि रिकामी गेलेली सीट उद्या विकता येत नाही. दोन्ही खरं आहे. गर्दीच्या गाडीला थोडं जास्त, रिकाम्या गाडीला थोडं कमी, एवढ्याला माझी ना नाही. जपानचंच बघा. शिन्कान्सेन स्वस्त मुळीच नाही, तोक्यो ते ओसाका सुमारे १४ हजार येन पडतात. पण मूळ भाडं अंतरावर ठरतं आणि ऐन गर्दीत आरक्षित जागेचं शुल्क वाढतं ते काही शे येनांनीच. ऐन वेळी खिडकीवर गेलेल्या माणसालाही साधारण किती लागेल ते माहीत असतं.

जर्मनीने २०२२च्या उन्हाळ्यात तीन महिने दुसरं टोक करून पाहिलं: महिन्याला नऊ युरो, देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम सगळ्याला एकच तिकीट. पाच कोटींहून जास्त तिकिटं खपली. पुढे २०२३ मध्ये ४९ युरोंचं मासिक तिकीट आलं, ते २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ मध्ये ६३. म्हणजे स्वस्ताई टिकवणं सोपं नाही, पैसा कुठून तरी आणावाच लागतो. तरी वाढ झाली ती सगळ्यांना सारखी आणि आधी सांगून. भांडायचं तर लोक एका आकड्यावर भांडू शकतात.

मला तूर्त एवढंच हवंय. तिकीट काढायच्या पानावर आजच्या भाड्याशेजारी आणखी दोन आकडे असावेत: या गाडीचं, या वर्गाचं सर्वात कमी भाडं आणि सर्वात जास्त भाडं. भाडं चढलं असेल तर खाली एका ओळीत कारण. तिकीट तोडून काढणं किंवा मागच्या स्टेशनावरून काढणं सोयीचं असेल, तर ते यंत्रणेनेच सुचवावं, तिला हिशेब माझ्यापेक्षा लवकर जमतो. आणि आजारपणात किंवा मयतीला निघालेल्याला ऐन वेळी मूळ भाड्यात जाता यावं, म्हणून प्रत्येक गाडीत थोड्या जागा राखून ठेवाव्यात. त्याचा गैरफायदा घेणारे निघतील. घेऊ देत, त्यांच्यासाठी तपासणी करता येते.