तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तक स्वतःच छापावं का?

सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघात कार्यक्रम संपला की कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, प्रकाशकाच्या होकाराची वाट पाहू, की स्वतःच छापून टाकू?"

छापा. पण तुमचा वाचक तुम्हाला कुठे भेटणार, ते आधी सांगा.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर एकदा पुस्तकांसाठी म्हणून जा. मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या स्टॉलशेजारी पदरमोड करून पुस्तक काढलेले लेखक स्वतः उभे असतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं उभ्याउभ्या पानं चाळतात, लेखकाशी बोलतात आणि पुस्तकं घेऊन जातात. त्या लेखकांनी कुणाच्या होकाराची वाट पाहिली असती, तर त्यातलं बरंचसं लेखन उजेडातच आलं नसतं. स्वप्रकाशनाचा मोठेपणा मला तिथे दिसतो. लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना ओळखतात, मध्ये कुणाची गरज उरत नाही.

तुमचा वाचक असा एका जागी जमत नसेल, तर गणित अवघड होतं. समजा, पुस्तकाची किंमत 200 रुपये ठेवली. विक्रेते आणि वितरक मिळून 40 ते 50 टक्के सवलत मागतात. हातात शंभर ते एकशेवीस येतात आणि त्यातूनच छपाई भागवायची असते. ऑफसेटवर प्रती वाढल्या की दर उतरतो, म्हणून छापखानेवाला हजार प्रतींचा आग्रह धरतो. तो त्याच्या जागी बरोबर आहे, पण उरलेले गठ्ठे तुमच्या घरात येणार आहेत. पहिल्यांदा डिजिटल छपाईवर शंभरेक प्रती काढा. एका प्रतीला जास्त पडतील, तरी चालेल. टपालाचं मात्र आता थोडं सोपं झालंय. 1 मे 2025 पासून डाक विभागाची 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू झाली, तिचे दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांपासून आहेत. तुमचं पुस्तक त्या सेवेत बसतं का, एवढं डाकघरात विचारून घ्या.

आता 'पॅकेज'. पैसे भरा, आम्ही सगळं करतो, असं सांगणाऱ्यांचा मला राग आहे, कारण पेन्शनीतून साठवलेले पैसे त्यात गेलेले मी पाहिलेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा क्रमांक, त्याचे पैसे मागितले तर तिथेच थांबा. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते, लेखकालाही देते. शिवाय क्रमांक पॅकेजवाल्यांच्या नावावर असेल, तर कागदोपत्री प्रकाशक ते ठरतात, तुम्ही नाही. कॉपीराइट ही वेगळीच गोष्ट. 1957च्या कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून तो तुमचाच असतो. करारात हक्क किती वर्षांसाठी देताय ते लिहिलेलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. सही करण्याआधी हे वाचा.

तुम्ही स्वतः प्रकाशक झालात की जबाबदारीही तुमची. 1954च्या कायद्यानुसार प्रसिद्धीपासून 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. हे काम आवर्जून करा. काटोल-उमरेडच्या लेखकाचं पुस्तक देशाच्या संग्रहात जायलाच हवं.

अक्षरजुळणीकडेही डोळ्यात तेल घालून बघा. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधून सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये किंवा उलट नेला की रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. त्यामुळे शेवटचं प्रूफ कागदावर काढून वाचावं, आणि पैसे देताना पीडीएफबरोबर मूळ फाइलही मागून घ्यावी. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली की त्या फाइलची किंमत कळते.

स्वप्रकाशनात मला खरी उणीव जाणवते ती संपादकाची. चांगला प्रकाशक पैसा लावतो त्याहून मोलाचं म्हणजे 'हे प्रकरण काढा, इथे तुम्ही तेच पुन्हा सांगताय' असं तोंडावर सांगणारा माणूस देतो. स्वतः छापताना असं सांगायला कुणी नसतं, कारण छापखान्यात तुम्ही गिऱ्हाईक असता. म्हणून मुखपृष्ठावर खर्च करण्याआधी संपादकाला आणि मुद्रितशोधकाला रीतसर मानधन द्या. नातेवाइकांकडून वाचून घेऊ नका, ते कौतुकच करतील. हे दोघं मिळेपर्यंत छापखान्यात आगाऊ रक्कम भरू नका.