आमची वाटचाल : हेदूच्या लाकडातली फ्रिगेट

धंद्याची सुरुवात शोभेच्या होड्यांनी झाली. रत्नागिरीजवळ दोन खोल्यांत मी आणि धाकटा भाऊ त्या करायचो, पर्यटक हौसेने न्यायचे. माल खपत होता, पण मला शिडाच्या काळातल्या खऱ्या लढाऊ जहाजांची मॉडेलं करायची होती, नकाशाबरहुकूम.

पहिलं जहाज कोणतं, यावर घरात वाद झालाच नाही. ‘ट्रिंकोमाली’! ब्रिटिश आरमाराची ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. तिचे पहिले नकाशे मुंबईला पोचलेच नाहीत. ते घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत गेलं, आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकची टंचाई होती, म्हणून ती मलबारच्या सागात बांधली. ओकमधल्या आम्लाने लोखंड गंजतं, सागातलं तेल ते सांभाळतं. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. मुंबईच्या सुतारांचं हे काम आपल्याकडे घराघरांत माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आमचं मॉडेल १:६४ मापाचं. तोफांचा डेक साधारण १५० फूट, म्हणजे आमच्याकडे ७२ सेंटिमीटर. सागाचं जहाज सागातच करा, असा गिऱ्हाइकांचा आग्रह असतो. आम्ही नाही म्हणतो. सागाची छिद्रं एवढ्या लहान मापात भेगांसारखी दिसतात. त्यापेक्षा आपला हेदू बरा : पिवळसर, बारीक पोताचा, धार स्वच्छ घेणारा. पट्टी वाफेवर धरली की नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणाला बसते. सागाचा रंग नंतर पॉलिशने आणतो.

सगळ्यात जास्त जीव जातो तो तांब्याच्या पत्र्यांत. लाकूड पोखरणारे किडे आणि शेवाळ यांपासून बचाव म्हणून जहाजाचा पाण्याखालचा भाग तांब्याने मढवत. खरा पत्रा ४ फूट लांब, १४ इंच रुंद; आमचा १९ मिलिमीटर बाय साडेपाच. तो चिमट्यात धरून सुकाणूकडून सुरुवात करायची आणि नाळेकडे सरकत जायचं, म्हणजे पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर चढते. खऱ्या जहाजात यामुळेच पाणी सांध्यात घुसत नसे. उलट्या दिशेने लावलेलं मॉडेल जाणकार लांबून ओळखतो.

दोरकाम गावातल्या बायकांकडे आहे. जाळी विणलेले हात त्यांचे. डोलकाठीकडे चढायच्या दोरशिडीची प्रत्येक गाठ त्या खरीखुरी मारतात, नुसती डिंकाने चिकटवत नाहीत. बरगड्या लेझरवर कापून घेतो. फळ्या मात्र हातानेच बसतात. एका मॉडेलला सात-आठ महिने जातात, म्हणून पैसे तीन हप्त्यांत घेतो. गिऱ्हाईक बहुतेक मर्चंट नेव्हीतलं किंवा आरमारातून निवृत्त झालेलं.

कान्होजी आंग्र्यांची गुराब, म्हणजे मराठा आरमारातली लढाऊ नौका, कधी करणार, हे कोकणात सगळेच विचारतात. तिचे बांधणीचे नकाशे आमच्या हाती नाहीत. दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढे झेपावलेली ठेंगणी नाळ आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, ही वर्णनं आहेत. तेवढ्यावर सांगाडा उभा केलाय. खालच्या पितळी पाटीवर ‘वर्णनावरून’ असं स्पष्ट कोरून मगच ती विक्रीला ठेवणार आहोत.