तुम्ही विचारलंत म्हणून: चंद्र रोज नेमका किती उशिरा उगवतो?

चंद्र रोज 50 मिनिटं उशिरा उगवतो असं वाचलेलं असतं, पण घड्याळ लावून पाहिलं तर फरक कधी 40 मिनिटांचा निघतो, कधी तासाभराचा. असं का, हे बरेच जण विचारतात. पुस्तकही बरोबर आहे आणि तुमची नोंदही. 50 मिनिटं ही सरासरी आहे.

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र ताऱ्यांमधून पूर्वेकडे सुमारे 13.2 अंश सरकतो, म्हणजे जवळजवळ एक नक्षत्र. सूर्यही त्याच दिशेने रोज साधारण एक अंश सरकताना दिसतो आणि आपली घड्याळं सूर्याला धरून चालतात, म्हणून हिशेबात 12.2 अंश उरतात. पृथ्वीला एक अंश वळायला 4 मिनिटं लागतात, झाली 49. तेवढ्यात चंद्र आणखी थोडा पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला दीड-दोन मिनिटं जास्त.

हे सरकणं डोळ्यांनी दिसतं, आणि ते जरूर पाहावं. चंद्र रोहिणी, मघा, चित्रा किंवा ज्येष्ठेच्या ताऱ्याजवळ असेल ती रात्र निवडा. तारा आणि चंद्राची कड यांतलं अंतर चंद्राच्या व्यासात मोजा. तासाभराने पुन्हा मोजलंत तर चंद्र साधारण स्वतःच्या व्यासाएवढा, म्हणजे अर्धा अंश, पूर्वेला गेलेला दिसेल. पौर्णिमेच्या झगझगाटात तारा सापडत नाही. तेव्हा द्विनेत्री, म्हणजे दोन डोळ्यांनी पाहायची दुर्बीण, घ्या.

आता फरकाचं मुख्य कारण. चंद्राचा मार्ग क्रांतिवृत्ताशी, म्हणजे ताऱ्यांमधून सूर्य सरकताना दिसतो त्या मार्गाशी, फक्त 5 अंशांचा कोन करतो, पण क्रांतिवृत्तच पूर्व क्षितिजाशी कधी उभं, तर कधी आडवं असतं. आडवं असताना चंद्राचे ते 12-13 अंश बरेचसे क्षितिजालगतच जातात, त्याला खाली ढकलत नाहीत. म्हणून उशीर कमी. चंद्र मीन राशीत असताना उत्तर गोलार्धात दर महिन्याला हेच घडतं. सप्टेंबरच्या सुमारास मीन राशीत पौर्णिमेचा चंद्र असतो, म्हणून तेव्हा ते नजरेत भरतं. 50 अंश उत्तर अक्षांशावर तो उशीर अर्ध्या तासाच्याही आत येतो, आणि मार्चच्या पौर्णिमेला तासाच्या बराच वर जातो. दक्षिण गोलार्धात उलट. विषुववृत्ताकडे यावं तसा हा फरक कमी होतो. शिवाय चंद्र उपभू बिंदूपाशी, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना, रोज 15 अंशांपर्यंत धावतो, अपभूपाशी, म्हणजे सर्वांत दूर असताना, 12. त्यानेही काही मिनिटं मागेपुढे होतात.

नोंदी फसतात त्या बहुधा क्षितिजामुळे. समोरची टेकडी 5 अंश उंच असेल तर चंद्र किमान वीस मिनिटं उशिरा दिसतो. जागा रोज तीच ठेवा, म्हणजे निदान दोन दिवसांतला फरक तरी बराचसा खरा मिळेल. आणि तक्त्यात एखाद्या तारखेपुढे चंद्रोदयाचा रकाना रिकामा दिसला तर ती छपाईची चूक समजू नका. वद्य अष्टमीच्या सुमारास चंद्र मध्यरात्रीजवळ उगवतो. आज 11:40 ला उगवला तर पुढचा उदय थेट परवाच्या तारखेत, साडेबाराच्या आसपास पडतो, आणि उद्याच्या तारखेला चंद्रोदयच नसतो.